फेसाचा धनी

मे महिना सरत आला की इंग्लंडातील बागांत लव्हेंडर आणि रोजमेरी यांच्या पेरापेरांवर पांढऱ्या फेसाचे लहान लहान गोळे दिसू लागतात. बोटाने पुसून टाकावेत, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथे हजर. याच दिवसांत कुक्कू पक्षी, म्हणजे आपल्या कोकिळेचा तिकडील भाऊबंद, रानोमाळ ओरडत असतो. खेडुतांनी या दोन गोष्टींची सांगड घातली आणि त्या फेसास ‘कुक्कूची थुंकी’ असे नाव दिले. फ्रेंच आणि जर्मन शेतकऱ्यांनीही आपापल्या भाषेत नेमके हेच नाव ठेवले. पक्षी झाडावर बसलेला दिसतो, फेस झाडाखाली दिसतो. मग थुंकणारा कोण, हा प्रश्न विचारण्याचे कोणास कारणच पडले नाही.

विद्वानांनी तरी तो विचारावयास हवा होता. परंतु स्पेनमधील सेव्हिलचा बिशप इझिडोर (निधन ६३६) याने आपल्या वीस खंडांच्या ज्ञानकोशात खेडुतांच्या कल्पनेवर आणखी एक मजला चढविला. सिकाडा हे कीटक कुक्कूच्या थुंकीपासून जन्मतात, असे त्याने लिहून ठेवले. सिकाडा म्हणजे ऐन उन्हाळ्यात आपल्या सह्याद्रीच्या झाडीत कानठळ्या बसेपर्यंत किर्रर्र करणारा तो मोठ्या डोळ्यांचा, पारदर्शक पंखांचा कीटक. इझिडोरचा ग्रंथ युरोपातील मठामठांतून पुढे कित्येक शतके पढविला जात होता. त्यामुळे फेसातून सिकाडा निघतो हे ज्ञान पुस्तकातून पुस्तकात उतरत गेले आणि फेस बाजूस सारून आत डोकावण्याचे श्रम वाचले.

ते श्रम घेणाऱ्यांत इंग्लंडातील नॉर्विचचा वैद्य टॉमस ब्राऊन याचे नाव घ्यावे लागते. लोकांत रूढ झालेल्या खोट्या समजुतींचा समाचार घेणारा त्याचा ग्रंथ १६४६ साली प्रसिद्ध झाला. त्यात या फेसाचीही गोष्ट आहे. ब्राऊनचे म्हणणे असे की, खरा सिकाडा इंग्लंडात उपजतच नाही. मग तो या फेसातून निघणार कोठून? फेस दूर केला असता आत फिकट हिरव्या रंगाचा एक लहानसा कीटक सापडतो, आणि तो तर नाकतोड्यासारखा दिसतो. ब्राऊनचा हा निष्कर्षही पुरता बरोबर नव्हता, कारण तो कीटक नाकतोडाही नव्हे. तथापि ग्रंथ मिटून झुडुपाकडे पाहण्याची रीत त्याने घालून दिली, हे काही थोडे नव्हे.

फेसातील तो हिरवा जीव कोणाचे तरी पिल्लू असतो. चारसहा आठवडे तो फेसात वाढतो, चार वेळा कात टाकतो आणि पाचव्या कातेनंतर पंख घेऊन कोरड्या अंगाने बाहेर पडतो. बाहेर आलेला प्रौढ कीटक जेमतेम सहा मिलिमीटर लांब, तपकिरी, फुगीर डोक्याचा आणि बसका असतो. त्याचे ध्यान बेडकासारखे आणि त्याची उडीही बेडकासारखी, म्हणून इंग्रजांनी त्यास ‘फ्रॉगहॉपर’ म्हटले आणि त्याच्या पिल्लास ‘स्पिटलबग’, म्हणजे थुंकीकिडा. एकाच जिवास बाळपणी एक नाव आणि मोठेपणी दुसरे! मराठीत त्यास सरळ फेनकीटक म्हणावे, म्हणजे दोन्ही अवस्थांचे काम भागते. आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचे जे तुडतुडे, त्यांचा हा नातलग. मावा, ढेकूण आणि सिकाडा हेही त्याच सोंडवाल्या गणातले.

फेस हा झाडाचा घाम नव्हे आणि पक्ष्याची थुंकीही नव्हे, तो या पिल्लाच्या अंगातून येतो, हे अठराव्या शतकात नक्की झाले. स्वीडनचा सरदारपुत्र चार्ल्स डी गेअर याने १७४१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, यावर निबंध लिहिला. कीटकांवरील त्याच्या सात मोठ्या खंडांतही पुढे हा विषय आला आहे. फेसाचा धनी सापडला. आता त्यास शास्त्रीय नाव देऊन वहीत नोंदविले की काम संपले, असे कोणासही वाटेल. पण खरा घोटाळा येथूनच सुरू झाला.

नाव देण्याचे काम डी गेअरच्याच देशबांधवाकडे होते. कार्ल लिनिअसने १७५८ साली आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली आणि सर्व प्राण्यांस दोन दोन शब्दांची नावे दिली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आडनाव आणि नाव म्हणावे तसे. फेनकीटकाचे नाव त्याने ‘सिकाडा स्पुमारिया’ असे ठेवले. स्पुमा म्हणजे फेस. प्रजाती मात्र सिकाडाची! सोंड असलेले आणि उड्या मारणारे किंवा गाणारे बहुतेक सारे किडे लिनिअसने या एकाच टोपलीत भरले होते. पण अडचण टोपलीची नव्हती. ती पुढे अनेकांनी उपसून वेगळी केली. अडचण अशी की, लिनिअसने त्याच पानांत ‘सिकाडा ल्युकॉफ्थाल्मा’, ‘सिकाडा ल्युकोसेफाला’, ‘सिकाडा लॅटरॅलिस’ अशा आणखीही जाती नोंदविल्या. एकाचे डोळे पांढरट, दुसऱ्याचे डोके पांढरे, तिसऱ्याच्या कडेस पट्टा. आणि पुढे निष्पन्न झाले ते असे की, या साऱ्या जाती म्हणजे एकच कीटक होय. कुरण तेच, फेस तोच, आईबापही तेच. एकाच आईची काही मुले गोरी आणि काही सावळी असावीत, तसा प्रकार.

लिनिअसचा शिष्य फॅब्रिशिअस आणि त्याच्यामागून आलेले जर्मन, फ्रेंच व इतर संग्राहक यांनी या यादीत भरच घातली. नव्या रंगाचा नमुना टाचणीस लागला की नवे नाव! अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील संग्रहशास्त्राचे हे दुखणेच होते. पेटीतील मेलेला किडा रंग दाखवितो, नाते दाखवीत नाही. इकडे प्रजातीचे नावही बदलत राहिले. फॅब्रिशिअसने १७७५ साली ‘सर्कोपिस’ ही प्रजाती वेगळी काढली. इंग्लंडच्या विल्यम लीचने १८१५ साली तिच्यावरून कुलाचे नाव ठेवले. गेर्मारने १८२१ साली ‘अॅफ्रोफोरा’, म्हणजे फेस वाहणारा, अशी सुरेख ग्रीक संज्ञा बनविली. आणि अखेर स्वीडनच्याच कार्ल स्टोलने १८६४ साली ‘फिलेनस’ ही प्रजाती स्थापिली, तीत आपला फेनकीटक आजतागायत ‘फिलेनस स्पुमारियस’ म्हणून नांदत आहे. आजतागायत म्हणणे थोडे सढळ होईल. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील शेतकी पत्रके याच किड्यास ‘फिलेनस ल्युकॉफ्थाल्मस’ म्हणत होती. तिकडे तो लसूणघास आणि क्लोव्हर यांची नासाडी करीत होता, आणि युरोपातील शास्त्रज्ञ त्याच किड्यावर दुसऱ्या नावाने लिहीत होते. एकाने शोधलेला उपाय दुसऱ्याने वाचावयाचा, तर आधी हे दोन्ही किडे एकच हे त्यास ठाऊक हवे.

ही भानगड निस्तरणारी माणसे प्रसिद्धीस येत नाहीत. नॉर्थ कॅरोलायनातील प्राध्यापक झेनो पेन मेटकाफ यांनी सोंडवाल्या किड्यांच्या एका मोठ्या गटाची जगभरची नावे, ती कोणी, केव्हा, कोणत्या पानावर दिली याच्या नोंदींसह, एकत्र करण्याचे काम हाती घेतले. पहिला भाग १९२७ साली निघाला. फेनकीटकांचे भाग १९६० ते १९६२ या काळात छापले गेले, तेव्हा मेटकाफ १९५६ साली निवर्तून गेले होते. त्या पानांत एका खऱ्या नावाखाली मेलेल्या नावांची रांग लागलेली आहे. वाचावयास याहून रुक्ष ग्रंथ क्वचित असेल, आणि त्यावाचून या विषयात एक पाऊलही टाकता येत नाही.

रंगांचा उलगडा मात्र ग्रंथालयात झाला नाही. फिनलंडचे ओल्ली हाल्का यांनी १९६० नंतरच्या दशकांत फिनलंडच्या आखातातील लहान लहान बेटांवरील फेनकीटक वर्षानुवर्षे मोजले आणि त्यांच्या जोड्या लावून संतती वाढविली. मेंडेलने वाटाण्यावर केले तेच येथे किड्यावर. ठळक असे वीसेक रंगप्रकार, आणि ते मुख्यत्वे एकाच आनुवंशिक घटकाच्या निरनिराळ्या रूपांमुळे होतात, असे दिसून आले. म्हणजे लिनिअसने ज्यांस वेगवेगळ्या घराण्यांचे मानले, ते एका घरातील भावंडे ठरले. वेल्समधील सायनॉन खोऱ्यात निर्धूर कोळशाचा एक कारखाना होता. त्याच्या आसपास काळ्या रंगाचे फेनकीटक अतोनात आढळत. कारखान्यापासून दूर जावे तो काळे कमी कमी होत. एखादा जुन्या वळणाचा संग्राहक तेथे पोचता, तर त्याने त्या काळ्या किड्यास कारखान्याचे नाव देऊन टाकले असते!

मध्यंतरी फेस होतो कसा, हेही लोकांनी पाहून घेतले. दक्षिण फ्रान्समधील झां आंरी फाब्रने आपल्या कीटकस्मृतींच्या १९०० साली आलेल्या सातव्या मालिकेत या पिल्लाच्या शेपटाकडील भात्याचे वर्णन केले आहे, आणि अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनीही त्याच वर्षी हा बुडबुडे फुंकणारा कीटक वाचकांपुढे मांडला. पिल्लू डोके खाली करून देठास सोंड लावते. जो रस ते पिते तो पानांत तयार झालेला गोड रस नव्हे. मुळांकडून वर चढणारे, जवळजवळ निव्वळ पाणीच म्हणावे असे पेय ते घेते. त्यात पोषण इतके थोडे की पोट भरण्यास ते सारखे प्यावे लागते आणि तितकेच बाहेर टाकावे लागते. हे बाहेर पडलेले पाणी पोटाखालच्या पन्हळीत येते. पिल्लू शेपटाचे टोक पाण्याबाहेर काढून हवेचा एक घोट पकडते, मिटते आणि पाण्यात सोडते, की झाला एक बुडबुडा. पाण्यास चिकटपणा आणणारा पदार्थ शरीरातील मूत्रनलिकांत तयार होतो, म्हणून बुडबुडे फुटत नाहीत. कोवळ्या अंगाची ही कोंदण उन्हापासून आणि शत्रूंपासून राखण करते. गरिबीच्या अन्नातून कोणी इतका पक्का वाडा बांधला असेल, असे वाटत नाही.

त्याच पाणसर रसावर सिकाडाचीही गुजराण होते. आणि येथे इझिडोरची आठवण होते. आनुवंशिक द्रव्याची तुलना करून अलीकडे ज्या वंशावळी काढण्यात आल्या, त्यांत फेनकीटकांचे सर्वांत जवळचे आप्त सिकाडा हेच निघतात. तुडतुडे त्याहून लांबचे. बिशपचे म्हणणे खोटेच. परंतु ज्या दोघांची त्याने गाठ घालून दिली होती, ते खरोखरच भावकीतले होते.

आज जगात फेनकीटकांच्या सुमारे ३००० जाती ज्ञात आहेत आणि त्यांचे एक महाकुल मानतात. त्यांस ओळखण्याची खूण रंगात नाही. ती मागच्या पायात आहे. तुडतुड्याच्या मागच्या नळीवर काट्यांच्या लांबच लांब ओळी असतात; फेनकीटकाच्या नळीवर एकदोन दणकट काटे आणि टोकाशी काट्यांचे कडे असते. हेच पाय उडीचेही साधन. केंब्रिजचे माल्कम बरोज यांनी २००३ साली मोजले, तेव्हा हा सहा मिलिमीटरांचा जीव ७० सेंटिमीटर उंच उडतो आणि झेप घेताना आपल्या वजनाच्या ४०० पटींहून अधिक जोर लावतो, असे आढळले.

महाकुलातील एक शाखा आपल्याकडील वाचकांस विशेष वाटेल. हिंदुस्थान, सिंहलद्वीप आणि पूर्वेकडील देशांत ‘मॅकेरोटा’ नावाचे फेनकीटक आहेत, त्यांच्या पाठीवर तलवारीसारखा काटा असतो. त्यांची पिल्ले उघड्या फेसात राहत नाहीत. ती फांदीवर चुनखडीयुक्त नळी बांधतात आणि तीत, आपल्याच टाकलेल्या पाण्यात, बुडून राहतात. लहानशा शंखासारख्या दिसणाऱ्या या नळ्या गोगलगायीच्या नव्हेत, किड्याच्या आहेत, हे सिंहलद्वीपातील नमुन्यांवरून ऑक्सफर्डचे वेस्टवुड यांनी १८८६ साली विद्वानांस कळविले. भारतातील इतर फेनकीटकांची पद्धतशीर नोंद विल्यम डिस्टंट यांनी १९०८ साली पूर्ण झालेल्या, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राण्यांवरील मालेच्या एका खंडात केली. पावसाळ्यात सह्याद्रीच्या गवतावर जो फेस दिसतो त्याच्या धन्यांची नावे शोधणाऱ्यास आजही त्या खंडापासूनच आरंभ करावा लागतो.

याच डिस्टंट यांनी १९०९ साली त्रिनिदाद बेटावरील उसाच्या फेनकीटकास नाव दिले. तेथील उसाचे मळे हिंदुस्थानातून १८४५ पासून नेलेल्या गिरमिटी मजुरांच्या घामावर उभे होते. हा किडा मातीत अंडी घाली, त्याची पिल्ले उसाच्या मुळ्यांशी फेसात वाढत, आणि प्रौढ पानांत सोंड खुपसून असा विषारी द्रव सोडीत की पाने पट्ट्यापट्ट्यांनी करपत. सी. बी. विल्यम्स यांनी या रोगावर १९२१ साली मोठा अहवाल लिहिला; किड्यावर वाढणाऱ्या हिरव्या बुरशीचा त्याच्याविरुद्ध उपयोग करून पाहण्याचे प्रयत्नही त्याआधीच झाले होते. त्या काळी अमेरिकेतील गवतावर व उसावर जगणारे बहुतेक फेनकीटक ‘टोमास्पिस’ या एकाच प्रजातीत घातले जात. आर. जी. फेनाह यांनी १९४९ साली व त्यानंतर ही टोपली रिकामी करून वेगवेगळ्या प्रजाती पाडल्या. त्रिनिदादचा किडा ‘एनिओलॅमिया’ झाला, ब्राझिलच्या कुरणांतले निराळे झाले. एकाची अंडी किती काळ कोरड्या मातीत तग धरतात हे दुसऱ्याविषयी गृहीत धरता येत नाही, एवढे शेतीच्या दृष्टीने या फोडीचे महत्त्व. ब्राझिलमध्ये उसावरील फेनकीटकाविरुद्ध हिरवी बुरशी आज मोठ्या प्रमाणावर फवारली जाते.

परंतु नावांच्या या जुन्या तंट्याची सर्वांत कडू फळे इटलीच्या वाट्यास आली. १९५० साली कॅलिफोर्नियात हेन्री सेव्हरिन यांनी दाखवून दिले होते की, द्राक्षवेलींचा एक घातक रोग फेनकीटकही पसरवितात. रोगाचे कारण तेव्हा विषाणू समजले जाई. तो जंतू आहे असे १९७३ साली कळले, आणि १९८७ साली त्यास ‘झायलेला फास्टिडिओसा’ हे नाव मिळाले. हा जंतू झाडाच्या त्याच पाणवाहिन्यांत राहतो, जेथे फेनकीटक सोंड घालतो. युरोपात त्याचा धोका फारसा कोणास जाणवला नव्हता. २०१३ साली इटलीच्या दक्षिण टोकास, पुलिया प्रांतातील गॅलिपोलीच्या परिसरात, ऑलिव्हची झाडे शेंड्यांकडून वाळू लागली आणि तपासात हाच जंतू सापडला. तो कोणी वाहून नेला, याचा शोध घेताना २०१४ साली बोट ज्याच्याकडे वळले तो कीटक म्हणजे लिनिअसचा, खेडुतांचा, कुक्कूच्या थुंकीचा ‘फिलेनस स्पुमारियस’. युरोपभर कुरणोकुरणी आढळणारा, आणि ऑलिव्हच्या शत्रूंत ज्याची कोणी गणना केली नव्हती असा.

पुलियातील ऑलिव्हची झाडे म्हणजे घराण्याची मिळकत. काही तर शेकडो वर्षांची, पणजोबांच्याही आधीपासून उभी. अशी लक्षावधी झाडे वाळली. रोग पुढे सरकू नये म्हणून रोगट झाडे, आणि त्यांच्या भोवतालची निरोगी दिसणारीही, तोडावीत असा हुकूम युरोपीय आयोगाकडून २०१५ साली निघाला, तेव्हा शेतकऱ्यांनी रस्ते अडविले, खटले भरले. ज्याच्या पाहण्यात आयुष्यभर हा किडा होता, त्याने कधी झाड मारल्याचे त्यास दिसले नव्हते. आणि ते खोटेही नव्हते. जंतू बाहेरून येईपर्यंत किडा निरुपद्रवीच होता. शेतकऱ्याचा संताप समजण्यासारखा होता, तरीही रोगाचे म्हणणे खरे होते. ही त्या प्रकरणातील खरी शोकांतिका.

आता येथे वर्गीकरणाची बाजू पुन्हा पुढे येते. लिनिअसच्या काळी एका किड्याच्या अनेक जाती झाल्या होत्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस नेमके उलट घडले. ग्रीसचे द्रोसोपुलोस आणि जर्मनीचे रेमाने यांनी भूमध्य समुद्राच्या काठचे फिलेनस तपासले, तेव्हा एक समजल्या जाणाऱ्या किड्यात अनेक जाती लपलेल्या आढळल्या. रंगावरून त्या ओळखू येत नाहीत. नराच्या जननेंद्रियावरील बारीक शिंगांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. त्यांतील ‘फिलेनस इटॅलोसिग्नस’ ही इटलीतील जात २००० साली वर्णिली गेली. तिची पिल्ले अॅस्फोडेल नावाच्या कंदवर्गीय फुलझाडावर वाढतात, तर स्पुमारियसची पिल्ले शेकडो प्रकारच्या तणांवर. प्रयोगात दोन्ही जाती जंतू वाहू शकतात असे दिसले आहे. मात्र ज्या रानात एकीची पिल्ले आहेत त्या रानात दुसरीचे तण उपटून काय उपयोग?

म्हणून पुलियात उपाय योजला जातो तो वसंतात. त्या दिवसांत पिल्ले ऑलिव्हच्या झाडावर नसतात. झाडाखालच्या गवतात, तणात, आपापल्या फेसात बसलेली असतात. पंख फुटल्यावर ती झाडांवर चढतात आणि मग त्यांस गाठणे कठीण. तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये, फेस अजून ओला आहे तोवर, बागेतील तण नांगरून किंवा कापून टाकण्याची सक्ती आहे. पाहणी करणारे लोक चौकटी टाकून त्यांतील फेसाचे गोळे मोजतात, प्रत्येक गोळा बोटाने बाजूस सारून आतील पिल्ले नोंदवितात. आणि उन्हाळ्यात जाळ्यांत सापडलेले नर प्रयोगशाळेत पाठवितात, तेथे त्यांची जात ठरते.